एकोणचाळीस हजार पानं

हर्षलची डबी भरत आली होती. साडेनव्याण्णव टक्के.

ऋजुताने फोनवरचा आकडा पाहिला, डोळे मिटले, पुन्हा उघडले. आकडा तसाच होता. मागच्या पडवीत हर्षल सोलकढीसाठी नारळ खवत बसला होता. खवणीचा खर्रखर्र आवाज घरभर येत होता.

"किती दिवस?" त्याने मान वर न करता विचारलं.

"एकोणीस. फार तर वीस."

आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला, जरा हळू.

अकरा वर्षांपूर्वी, २०४० सालच्या नोव्हेंबरात, हर्षल तांडेलला मेंदूज्वर झाला होता. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता आणि मालवणच्या प्रवाळ प्रकल्पावर पाणबुड्या म्हणून नुकताच लागला होता. ताप उतरला, जीव वाचला. पण मेंदूच्या पोटातला, समुद्रघोड्याच्या आकाराचा, नव्या आठवणी रुजवणारा इवलासा भाग जळून गेला. आजारापूर्वीचं त्याला सगळं आठवायचं. आत्ता कोण दार उघडून आत आलं, ते मात्र तो माणूस बाहेर जाताच पुसलं जायचं. कोल्हापूरच्या डॉक्टर निखत मुजावरांनी त्याच्या मेंदूत केसाहून बारीक तारांची एक जाळी बसवली आणि ती कानामागच्या एका डबीला जोडली. आगपेटीच्या निम्म्या आकाराची ती डबी तेव्हापासून हर्षलची स्मृती होती.

डबीत चित्रं नसतात, आवाज नसतात. मेंदूतल्या कुठल्या पेशी कुठल्या क्रमाने जागवल्या म्हणजे अमुक सकाळ पुन्हा उभी राहील, एवढंच टिपण असतं. एका टिपणाला एक जागा, एका जागेला एक पत्ता. हर्षलच्या मेंदूला पत्ता सांगायला बत्तीस तारा दिलेल्या होत्या. प्रत्येक तार चालू किंवा बंद. एका तारेने दोन पत्ते सांगता येतात, दोन तारांनी चार, तीन तारांनी आठ; असं दुप्पट दुप्पट करत बत्तीस तारांवर गेलं की चारशे एकोणतीस कोटी पत्ते होतात. अकरा वर्षांपूर्वी हा आकडा ऐकून सगळे हसले होते. एवढं कुणाला लागतंय! पण माणूस रोज दहा-अकरा लाख टिपणं गोळा करतो, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

दुसऱ्या दिवशी दोघं कोल्हापूरला गेली. डॉक्टर मुजावरांनी डबी बनवणाऱ्या कंपनीचं पत्र त्यांच्यासमोर ठेवलं.

"दोन मार्ग आहेत म्हणतात. एक, डबी भरली की सर्वांत जुनी टिपणं आपोआप पुसली जातील. एक नवा दिवस आत, एक जुना दिवस बाहेर. दुसरा, जास्त तारांची नवी जाळी. पण नव्या जाळीची भाषा मेंदूला पहिल्यापासून शिकावी लागेल. जुनी अकरा वर्षं जुन्या डबीत शाबूत राहतील, फक्त हर्षलला ती वाचता येणार नाहीत."

"आणि मोठी डबी बसवली तर?" हर्षलने विचारलं. "कानामागची तर आहे. काढायची, लावायची."

"मोठी डबी आजही मिळते," डॉक्टर म्हणाल्या. "पण तुमचा मेंदू बत्तीस तारांपलीकडे बोट दाखवू शकत नाही. गावाबाहेर हजार घरं बांधली आणि एकालाही पत्ता दिला नाही, तर पोस्टमन जाणार कुठे?"

ऋजुता मनातल्या मनात हिशेब करत होती. डबीतला पहिला दिवस म्हणजे हर्षलला शस्त्रक्रियेनंतर जाग आली तो. ती तेव्हा तेवीस वर्षांची शिकाऊ तंत्रज्ञ होती आणि त्याच इस्पितळात डबीचा पट्टा सैल झाला की घट्ट करायचं काम तिच्याकडे होतं. ती त्याच्या खोलीत पहिल्यांदा गेली तो दिवस त्रेचाळिसावा. "तुमचे हात थंड आहेत," एवढंच तो बोलला होता. आणि चव्वेचाळिसाव्या दिवशी ती दारात दिसताच म्हणाला होता, "आज हात खिशात घालून आलात वाटतं." त्याला काल आठवत होतं! अख्खं इस्पितळ पेढे वाटत सुटलं होतं.

"डबी भरल्यावर त्रेचाळीस दिवसांनी मी जाईन," ती म्हणाली.

डॉक्टरांनी पत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

ऋजुता आता मालवणला तंत्रनिकेतनात शिकवत होती. मंगळवारी तिचा तास होता, विषय संगणकरचनेचा इतिहास. मुलं या तासाला शरीराने हजर असत, इतकंच. पन्नास वर्षांपूर्वीच्या यंत्रांना कशाकशाची टंचाई होती हे ऐकण्यात कुणाला रस असणार? फळ्यावर तिने सवयीने एक चौकोन काढला, त्याला बत्तीस रेघा जोडल्या आणि म्हणाली, "तर या यंत्रांना चार अब्जांच्या आसपासच जागा दिसायच्या. त्याहून जास्त मेमरी बसवली, तरी..."

"वाया," मागच्या बाकावरून चिन्मयी परुळेकर म्हणाली. "पत्ताच नाही ना, मॅडम."

"वाया नाही. यांनी एक युक्ती केली. मध्ये एक तक्ता ठेवला. प्रोग्रॅम जो पत्ता सांगतो तो खरा पत्ता नसतोच. तो तक्त्यातल्या ओळीचा क्रमांक असतो. त्या ओळीत खरा पत्ता लिहिलेला असतो. आणि तक्ता आपला, कागद आपला. ओळीत बत्तीसऐवजी छत्तीस आकडी पत्ता लिहायला कोण अडवतंय? चार आकडे वाढले की जागा सोळापट. प्रोग्रॅमला काही कळतही नाही. तो आपला जुनेच पत्ते सांगत राहतो, आणि मधला तक्ता..."

ती थांबली. खडू फळ्यावर टेकलेलाच राहिला.

"मॅडम?"

"तक्ता बाहेर असतो," ऋजुता स्वतःशीच म्हणाली. मग वळून मोठ्याने, "अगं चिन्मयी, तक्ता बाहेर असतो! मेंदूला हात लावायचाच नाही!"

वर्गाला काही कळलं नाही. तिने खडू टेबलावर टाकला, पर्स उचलली आणि पन्नास मुलांना तसंच सोडून ती जवळजवळ धावतच जिना उतरली. मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

आवारातल्या काजूच्या झाडाखाली उभं राहून तिने डॉक्टरांना फोन लावला आणि धापा टाकत सांगितलं. जाळी तीच, तारा त्याच. डबी नवी, सोळापट मोठी. आणि तारा व डबी यांच्यामध्ये एक तक्ता.

डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग नेमक्या ठिकाणी बोट ठेवलं. "पण ऋजुता, एका वेळी त्याला दिसणार चारशे एकोणतीस कोटीच ना? बाकीचं दिसायला तक्ता बदलावा लागेल. तो कोण बदलणार? आणि कधी?"

याचं उत्तर शोधायला चार दिवस गेले. नव्या कायद्यामुळे कंपनीला दुरुस्तीसाठी डबीची सगळी माहिती ऋजुताच्या हवाली करावी लागली. ऋजुताने रजा टाकली, जेवायच्या टेबलावर तीन पडदे मांडले आणि हर्षलच्या अकरा वर्षांच्या नोंदी चाळायला घेतल्या. आठवणी नव्हेत, त्या तिला वाचता येत नव्हत्या. फक्त कुठल्या तारेवर कधी किती हालचाल झाली याच्या रेघा. शनिवारी दुपारी तिला त्या रेघांच्या तळाशी एक मंद लहर दिसली. दिवसभर अखंड चालणारी. हर्षल घरी असताना तिचा एक ठेका, होडीवर गेला की दुसरा, त्याच्या आईकडे देवबागला गेला की तिसरा.

तिने फोन उचलला. "डॉक्टर, ही खालची लहर कसली?"

डॉक्टरांनी त्या रेघा आपल्या पडद्यावर उघडल्या. मग डॉक्टरांचा आवाज चढला, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच. "आपण कुठे आहोत, कुणाबरोबर आहोत, याची मेंदूला सतत जाणीव असते. ती लहर आहे ती! डबीला पहिल्या दिवसापासून ऐकू येत होती आणि आम्ही सगळे तिला खरखर समजून गाळत होतो!"

"मग तक्ता हीच बदलेल. होडीवर समुद्राचा तक्ता, घरी घरचा."

"आणि होडीवर असताना घरचं काही आठवायचं झालं तर?"

हाच खरा पेच होता. संगणकात अशा वेळी पान जागेवर नसल्याचा इशारा मिळतो. काम क्षणभर थांबतं, पान शोधून आणलं जातं, काम पुढे चालू होतं. ऋजुताने तसंच केलं. टिपणांची चार-चार हजारांची पानं पाडली. प्रत्येक पानाला एक खूण दिली: माल आहे. समोरच्या तक्त्यात पान नसेल, पण ती खूण सापडली, तर डबी कानामागे हलक्या मुंग्या आणेल. याचा अर्थ, आहे; इथे नाही, थांब. हर्षल थांबला, की डबी बाकीचे तक्ते चाळेल आणि मेंदूने ओळख दिली की तिथेच थांबेल. दोन सेकंदांचं काम.

"म्हणजे 'आठवत नाही' आणि 'आत्ता हाताशी नाही' यांतला फरक मला कळेल," हर्षल म्हणाला.

"हो."

"तुम्हाला कळतो तो? डबी नसलेल्यांना?"

ऋजुता हसली. "नाही. आम्ही नुसतंच डोकं खाजवतो."

इस्पितळाच्या नैतिकता समितीने अर्जानंतर आठव्या दिवशी परवानगी दिली, एका अटीवर. पहिला आठवडा काही पानं मुद्दाम सगळ्या तक्त्यांबाहेर ठेवायची, म्हणजे नव्या रचनेत बिघाड झालाच तर न हललेला एक नमुना हाताशी राहील. आठवड्यानंतर तीही जोडायची. कुठली पानं, ते ऋजुताने ठरवावं.

"कुठलीही ठेव," हर्षल म्हणाला. "मला काय कळणार आहे!"

तिने ठेवली. दीडशे दिवस, एकोणचाळीस हजार पानं. २०४७ सालचा जानेवारी ते मे. नंतरच्या टिपणांत या दिवसांचा उल्लेख असला, तरी तो याच पानांकडे बोट दाखवणारा होता; वाट तुटली की तोही मुका.

त्या जानेवारीत ती त्याला सोडून पुण्याला गेली होती. कारण सांगायला गेलं तर लहान आणि जगायला गेलं तर फार मोठं होतं. आपल्या आठवणींना गंज चढतो, धार जाते, म्हणून माणसं एकमेकांना माफ करू शकतात. हर्षलच्या टिपणांना गंज माहीत नव्हता. तिने तीन वर्षांपूर्वी वैतागून टाकलेला शब्द तो त्याच सुरात, त्याच विरामांसकट परत करायचा. मुद्दाम नव्हे, त्याच्यासाठी तो कालचाच असायचा. जाताना ती म्हणाली होती, "तू नवरा नाहीस, साक्षीदार आहेस. मला साक्षीदाराबरोबर संसार करायचा नाही." जूनमध्ये ती आपण होऊन परतली. पण तेव्हापासून कशावरून जरा बिनसलं, की ते वाक्य हर्षलच्या डोळ्यांत उभं राहिलेलं तिला दिसायचं. तो बोलायचा नाही. नुसतं दिसायचं.

नवी डबी बसवायला चाळीस मिनिटं लागली. डॉक्टरांनी पट्टा आवळला, ऋजुताने तक्ते सुरू केले. जुनी अकरा वर्षं एकेक करून जागच्या जागी लागली. पडद्यावरचा भरलेल्या जागेचा आकडा साडेनव्याण्णववरून खाली घसरत गेला आणि सहावर येऊन थांबला.

"कसं वाटतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

हर्षलने खोलीभर नजर फिरवली. "मोकळं," तो म्हणाला. "परीक्षा संपल्यासारखं." मग कपाळाला आठ्या घालून, "तुमच्या मोठ्या बहिणीचं नाव काय हो? एकदा डबा घेऊन आल्या होत्या. थांबा, सांगू नका. मुंग्या येतायत." एक सेकंद. दोन सेकंद. "शबानाताई! मटणाचं लोणचं!"

डॉक्टर मुजावर टेबलावर हात आपटून हसल्या. ऋजुता हसता हसता रडायला लागली.

पुढचे दिवस पंख लावून गेले. एकोणीस दिवसांची मुदत आली आणि निघून गेली, दोघांना पत्ताही लागला नाही. हर्षलला मुंग्यांचा छंदच लागला. रस्त्यात माणूस भेटला की तो हात वर करून म्हणायचा, "थांब, येतंय!" आणि नाव सांगून त्याच्या पाठीवर थाप मारायचा. घरात तो गाणी म्हणू लागला. ऋजुताच्या हातून त्याचा आवडता पेला फुटला तर म्हणाला, "बरं झालं, नवा आणू." तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. तिथे काहीच उभं नव्हतं.

डबी बसवल्यापासूनचा आठवा दिवस आला. समितीची मुदत संपली. बाहेर ठेवलेली पानं जोडायची होती. ऋजुता पडद्यासमोर बसली, बोट बटणावर नेलं आणि उठून चहा ठेवायला गेली. पुसलेलं तर काहीच नाही, तिने मनाला समजावलं. सगळं जागच्या जागी आहे. फक्त वाट नाही. उद्या जोडू. अहवालात मात्र तिने 'पूर्ण' असं लिहून टाकलं.

दहाव्या दिवशी ती हर्षलबरोबर होडीवर गेली. समुद्रात तक्ते कसे बदलतात ते तिला पाहायचं होतं. होडी पास्कूमामांची. पास्कू फर्नांडिस सत्तरीचे. हर्षलला त्यांनी लहानपणापासून पाण्यात ढकललेलं. गोव्याहून प्रवाळांच्या दोन अभ्यासक बायका आल्या होत्या. डिसेंबरचं पाणी काचेसारखं होतं. मालवणचा किल्ला मागे पडला आणि हर्षलच्या लहरीने ठेका बदलला. ऋजुताच्या हातातल्या पडद्यावर समुद्राचा तक्ता अलगद पुढे आला. चार अब्ज पत्ते मुकाट्याने कूस बदलत होते आणि त्यांच्या मालकाला काही कळतही नव्हतं. तो होडीच्या काठावर बसून शेंगदाणे खात होता.

"हर्षल," वल्हं आत घेत पास्कूमामा म्हणाले, "सांग मरे ह्यांका, एकतीस नंबर कसो गावलो तां."

अभ्यासक बायका पुढे सरसावल्या. त्यातली एक ऋजुताला म्हणाली, "सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात पाणी इतकं तापलं की इथलं सगळं प्रवाळ पांढरं पडून मेलं, एक तुकडा सोडून. त्याला एकतीस नंबर म्हणतात. आता त्याचीच रोपं किनारभर लावायचीत. तुमच्या यजमानांनी शोधलाय तो, माहीत असेलच तुम्हाला."

ऋजुताला माहीत नव्हतं.

हर्षलने हात वर केला. "थांबा, येतंय." बोट कानामागे गेलं. दोन सेकंद. पाच. दहा. त्याचं हसू तसंच राहिलं आणि त्यातला जीव निघून गेला.

"मुंग्या येतायत, मामा. पण पुढे काहीच नाही."

"अरे, असा कसा? तूच उडी मारलंस थंय! मी होतंय ना होडयेर."

हर्षल वळला. "ऋजू, डबी म्हणतेय माल आहे. मग वाट कुठाय?"

सगळ्यांच्या नजरा तिच्यावर आल्या. ती खूण तिनेच घातली होती, प्रत्येक पानाला, एकही न गाळता. आणि ज्या पानांची वाट तिने तोडली होती त्यांनाही. आहे, इथे नाही, थांब. गेले दहा दिवस हर्षल किती वेळा असा थांबला असेल?

"घरी गेल्यावर सांगते," ती म्हणाली.

घरी गेल्यावर तिने चहाही ठेवला नाही. पडवीच्या पायरीवर त्याच्या शेजारी बसली आणि सांगून टाकलं.

"किती?" त्याने विचारलं.

"एकोणचाळीस हजार पानं."

"दिवसात सांग."

"दीडशे."

"काय आहे त्यात?"

"मी नाहीये त्यात." ती त्याच्याकडे वळली. "मी तुला सोडून गेले होते."

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही नव्हतं. एखाद्या परक्या माणसाची गोष्ट ऐकावी तसं नुसतं कुतूहल होतं, आणि तेच तिला सोसवेना. या क्षणी ती काहीही सांगू शकत होती. आईच्या आजारपणासाठी गेले, नोकरीसाठी गेले. त्याने मान डोलावली असती. तिने जाताना बोललेलं वाक्य शब्दशः सांगितलं.

"वाईट बोललीस," तो हळूच म्हणाला.

"हो."

"हे दहा दिवस तुला बरं वाटलं?"

"खूप."

"मलाही." तो अंगणातल्या माडाकडे पाहत होता. "चार दिवसांपूर्वी स्टँडवर उभा होतो. पुण्याची गाडी लागली आणि मुंग्या आल्या. थांबलो. गाडी निघून गेली तरी थांबलोच होतो. लोक बघायला लागले. मला वाटलं, माझंच काहीतरी बिघडलंय." तो वळला. "लाव ती पानं."

"हर्षल, ती परत आली की..."

"लाव, ऋजू. आणि तक्त्याची किल्ली मला दे. माझ्या डोक्यात कुठून कुठे वाट जाते, ते मी ठरवणार."

चार मिनिटं लागली. ती पडद्याकडे न बघता त्याच्याकडे बघत होती. आधी त्याच्या भुवया जवळ आल्या. मग ओठ घट्ट मिटले. शेवटी तो म्हणाला, "निळी बॅग. एक चाक मोडलेलं. अंगणातून ओढत नेलीस, रेघ उमटली होती मातीत." उठला, चपला घातल्या आणि जेटीकडे निघून गेला.

ऋजुताने त्या दुपारी तीन कामं केली. समितीला खरा अहवाल पाठवला: पानं वेळेवर जोडली नव्हती, आणि का नव्हती. डबीच्या रचनेत एक नवा नियम घातला: रुग्णाच्या स्वतःच्या किल्लीशिवाय एकही पान तक्त्याबाहेर जाणार नाही, ना डॉक्टरच्या हातून, ना घरच्यांच्या. आणि डॉक्टर मुजावरांना फोन केला.

"समिती तुम्हाला झापणार आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आणि मीही. ते होऊ द्या. पण देशात अशा आणखी चारशे डब्या भरत आल्यात, ऋजुता. सोलापुरातल्या एका आजोबांची तर सतरा दिवसांत भरेल. तो नवा नियम घालून सगळं मला आज संध्याकाळपर्यंत पाठवा."

पाठवून झालं तेव्हा ऊन उतरलं होतं. हर्षल फाटकातून आत आला. हातात पास्कूमामांकडचा एक जादा मुखवटा आणि श्वासाची नळी होती. त्याने दोन्ही वस्तू टेबलावर, तिच्या पडद्यांच्या मधोमध ठेवल्या.

"सकाळी सातला निघायचं," तो म्हणाला. बाकी काही नाही.

सकाळी होडीवर ती तिघंच होती. किनारा दिसेनासा झाल्यावर हर्षल बोलायला लागला, तिच्याकडे न बघता.

"मेमध्ये तुझा निरोप आला होता. परत येईन असं धरून चालू नकोस, असा. मी मामांना म्हटलं, कुठेही न्या, जिथे कुणी बोलणार नाही. मामांनी इथे आणलं. पाण्यात उतरलो. दोनशे मीटर सगळं पांढरं, हाडांसारखं. म्हटलं, बरोबर आहे, असंच असायला हवं. तुझ्यावर इतका चिडलो होतो की हवा संपत आली तरी वर आलो नाही, पुढेच जात राहिलो. आणि एका खडकामागे..." तो थांबला. या वेळी मुंग्यांसाठी नव्हे. "कामावर सांगितलं सगळ्यांना. नंबर मिळाला. तुला सांगायचं तर ते पाच महिने काढावे लागले असते. म्हणून नाही सांगितलं."

"तुला अजून तितकाच राग येतो?"

"तितकाच. काल दुपारी नव्याने आला." त्याने मुखवट्याची काच पुसून तिच्या हातात दिली. "पण त्याच्या पुढच्याच पानावर हे आहे. ते तू बघावंस असं वाटलं."

पास्कूमामांनी नांगर टाकला. ऋजुता कडेला बसली, श्वास भरून घेतला आणि पाण्यात घसरली. थंडगार पाण्याने कान बंद झाले. खाली आधी नुसती निळाई, मग राखाडी मोडतोड, मेलेल्या फांद्यांचा खच. हर्षलने तिचा हात धरून खडकाला वळसा घातला.

तिथे रंग होते. जांभळे, पिवळे, तपकिरी. ताटाएवढ्या थाळ्या एकावर एक चढलेल्या, बोटांसारख्या फांद्यांची झुडपं, आणि त्यांच्यामधून आत-बाहेर करणारे नखाएवढे निळे मासे. सगळं हलत होतं, श्वास घेत होतं.

ती उसळी मारून वर आली. नळी तोंडातून सुटली होती, नाकात खारं पाणी गेलं होतं.

"हर्षल, अरे, हे जिवंत आहे!"

"चार वर्षं सगळ्यांना तेच सांगतोय," पाण्यात तरंगत तो म्हणाला. "तुला सोडून." आणि तो हसला.

"मगे वर येवन बोलतास काय?" होडीतून पास्कूमामा ओरडले. "बगा आदी!"

ऋजुताने नळी दातांत धरली आणि पुन्हा बुडी मारली.